कागद मुंबईत, मूल गावी

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिणेकडील एका ग्रामीण रुग्णालयात, गेल्या श्रावणात, एका आप्ताच्या सोबतीला म्हणून दोन तास बसण्याचा प्रसंग आला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, केसपेपरच्या खिडकीपाशी छत्र्यांतून निथळलेल्या पाण्याचे थारोळे साचले होते, आणि बाकावर माझ्या शेजारी एक आजी चार वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलाच्या जांघेत गाठ येत होती. तो रडला वा खोकला की ती फुगे, आणि निजला की दिसेनाशी होई. अंतर्गळाची, म्हणजे ज्याला आता खेडोपाडी सर्वजण हर्नियाच म्हणतात त्याची, शस्त्रक्रिया गेल्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईस झाली होती, असे आजींनी सांगितले, आणि मग माझ्याकडे न पाहता, पागोळ्यांकडे पाहत त्या म्हणाल्या, "आप्रेशन झाला तरी गाठ परत आलीच. मग पोराला फाडला कशाला?" आतून बोलावणे आले. दार उघडेच होते, त्यामुळे डॉक्टरांचा पहिला प्रश्न मलाही ऐकू आला, आणि तो कागदाचा होता. शस्त्रक्रिया कोणत्या बाजूची, आत काय सापडले, पुढे केव्हा दाखवावयास सांगितले होते? कागद नव्हता. कागद मुलाच्या बापाजवळ, बाप नालासोपाऱ्यास, आणि कामाच्या वेळी त्याचा फोन कंपनीच्या फाटकावर जमा.

लहान मुलांच्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेविषयी आपल्याकडे जे काही बोलले जाते, त्यात 'किरकोळ' हा शब्द इतक्या वेळा येतो की, तो शस्त्रक्रियेचे वर्णन न राहता तिचे नावच होऊन बसला आहे. डॉक्टर तो धीर देण्यासाठी वापरतात, नातेवाईक एकमेकांचे समाधान करण्यासाठी वापरतात, आणि शिबिराच्या वृत्तान्तात तो अध्याहृतच असतो. शस्त्रक्रिया खरोखरच लहान आहे. कुशल हातांत ती पाऊण-एक तासाच्या आत आटोपते आणि बहुतेक मुले त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी घरी जातात. परंतु शस्त्रक्रिया लहान असली म्हणून तिच्या मागचा आठवडा, महिना आणि वर्ष ही लहान होत नाहीत. आणि आमच्या जिल्ह्यात या मागच्या काळाचा कोणी धनीच नसतो, अशी माझी तक्रार आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. सुश्रुताने निदानस्थानात वृद्धीचे सात प्रकार सांगताना अंत्रवृद्धी निराळी काढली आहे, इतका हा विकार जुना व परिचित. मात्र प्रौढाचा हर्निया आणि बालकाचा हर्निया यांत नावापलीकडे साम्य थोडे. प्रौढांत पोटाची भिंत कमकुवत होते, म्हणून तिला जाळी लावून आधार द्यावा लागतो. बालकाची भिंत धडधाकट असते. मुलगा आईच्या पोटात असताना त्याचे वृषण प्रथम उदरात असतात, आणि सातव्या महिन्यापासून पुढे ते जांघेतील मार्गाने खाली वृषणकोशात उतरतात. उतरताना उदराच्या आतील अस्तराची एक निमुळती पिशवी ते आपल्यामागून ओढून नेतात. जन्माच्या आगेमागे ही पिशवी आपोआप मिटावी असा निसर्गाचा संकेत आहे. ती मिटली नाही आणि तोंड रुंद राहिले तर आतडे त्यात उतरते. तोंड अरुंद राहिले तर नुसते पाणी उतरते, त्याला हायड्रोसील म्हणतात, आणि ते बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप जिरते. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलांत एक ते पाच जणांना असा हर्निया आढळतो, सातमाशा-आठमाशा मुलांत याहून पुष्कळ अधिक; मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त, आणि दहांतील सहा वेळा उजव्या बाजूस. शस्त्रक्रिया म्हणजे ही पिशवी अलगद सोडवून तिच्या मानेशी उंचावर टाका घालून बांधणे. एवढेच पुरेसे आहे, बालकाच्या भिंतीची अधिक डागडुजी करण्याचे कारण नाही, हे शिकागोच्या विलिस पॉट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० साली ठामपणे मांडले, आणि आजतागायत तत्त्व तेच आहे.

मग गुंतागुंत होते कोठे? ती त्या 'अलगद' या शब्दात आहे. वृषणाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आणि पुढे शुक्र वाहून नेणारी नलिका या पिशवीला अगदी चिकटून असतात. तान्ह्या मुलात पिशवीचे अस्तर पिकल्या करवंदाच्या सालीसारखे, हात लागताच फाटणारे, आणि ती नलिका शिवणाच्या दोऱ्याहून फारशी जाड नाही. तिला चिमट्याचा दाब बसला तर त्या दिवशी काही दिसत नाही, त्या वर्षीही दिसत नाही. तो मुलगा पंचवीस-तीस वर्षांचा होऊन, लग्न होऊन, अपत्य का होत नाही म्हणून तपासणीस गेला म्हणजे कदाचित उलगडा होतो, आणि तोही दोन्ही बाजूंना दुखापत झाली असेल तरच बहुधा. रक्तवाहिन्यांना इजा झाली तर वृषण सुकून लहान होते. शस्त्रक्रियेनंतर वृषण वर ओढले जाऊन जांघेतच अडकून राहते, हा एक प्रकार. त्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया लागते. जखमेत पू होणे, वृषणकोशात रक्त वा पाणी साचणे, हे आणखी काही. हर्निया पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण नियोजित शस्त्रक्रियेत साधारण शंभरात एकाच्या आसपास धरतात. दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या आणि आतडे अडकल्यामुळे घाईने शस्त्रक्रिया कराव्या लागलेल्या मुलांत ते वाढते. अकाली जन्मलेल्या तान्ह्या बाळाच्या बाबतीत भुलीचाच एक निराळा धोका आहे: शस्त्रक्रिया उत्तम पार पडल्यावर, सर्वजण निर्धास्त झाल्यावर, काही तासांनी त्याचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून गर्भधारणेपासून मोजून सुमारे ६० आठवडे होईतो अशा बाळाला रात्रभर यंत्राच्या देखरेखीखाली ठेवण्याचा दंडक आहे.

हे सारे वाचून कोणा आईच्या पोटात गोळा यावा अशी माझी इच्छा नाही. प्रत्येक शंभर मुलांपैकी बहुसंख्य मुले आठवड्याभरात अंगणात हुंदडू लागतात, आणि शस्त्रक्रियेनंतर चार दिवस वृषणकोश सुजून निळसर दिसला तरी ती सूज आपोआप ओसरते. किंबहुना भयाचे खरे स्थान शस्त्रक्रियेच्या अलीकडे आहे. आमच्याकडे कोणत्याही मोठ्या निर्णयाला पंचांगातली दोनच ठिकाणे: "शिमगा होऊन जाऊ दे" आणि "गणपतीला बाबा येईल, मग बघू." शेतीचा बांध, घराचे कौल, मुलीचे स्थळ, यांना हा हिशेब चालतो, तान्ह्या मुलाच्या हर्नियाला चालत नाही, कारण आतडे अडकण्याचा धोका पहिल्या वर्षातच सर्वाधिक असतो. अडकलेली गाठ टणक होते, आत जात नाही, मूल रडायचे थांबता थांबत नाही, हिरवी ओकारी करते. आणि त्या स्थितीत काही तास गेले की आतडे आणि वृषण दोन्ही गमावण्याची वेळ येते. मुलींतही हाच मामला, तेथे अंडाशय उतरून अडकतो. बेंबीच्या हर्नियाची गोष्ट अगदी उलटी आहे: तो बहुधा चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप मिटतो, आणि त्यावर रुपयाचे नाणे बांधून उपयोग काहीच होत नाही, कातडी मात्र कुजते. ज्या गाठीला थांबता येते तिला आम्ही नाणे बांधतो आणि जिला थांबता येत नाही तिला गणपतीपर्यंत थांबवतो.

शस्त्रक्रियेनंतर मुलाला त्याच दिवशी घरी पाठविण्याची पद्धत अगदी अलीकडची, खाटांच्या टंचाईतून आलेली, असा पुष्कळांचा समज आहे. ग्लासगो येथील जेम्स निकोल या शल्यविशारदाने १९०९ साली आपल्या दहा वर्षांच्या कामाचा अहवाल सादर केला, त्यात त्याने बाह्यरुग्ण म्हणून केलेल्या ८,९८८ बालशस्त्रक्रियांचा हिशेब आहे, आणि त्यांत हर्नियाही आहे. मूल आईजवळ, आपल्या घरी, अधिक शांत राहते आणि लवकर बरे होते, असे त्याचे म्हणणे होते. पण या माणसाची थोरवी त्या आकड्यात नाही. मुलाला घरी पाठविल्यावर शिकलेली परिचारिका त्याच्या घरी जाऊन जखम पाहत असे. आणि अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी व त्यांच्या आयांसाठी त्याने रुग्णालयाजवळ एक लहानसे घर भाड्याने घेतले होते. आपण निकोलची अर्धी पद्धत उचलली. मुलाची घरी रवानगी करण्याचे शिकलो, परिचारिकेचे पाऊल मात्र तेथेच, ग्लासगोच्या धुक्यात, सोडून आलो.

आणि ज्या घरी मुलाची रवानगी करावयाची ते घर तरी कोणते? येथे रत्नागिरीचा प्रश्न इतर जिल्ह्यांहून निराळा होतो. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ भरली, आणि ती आधीच्या दशकापेक्षा घटलेली होती. दर हजार पुरुषांमागे स्त्रिया होत्या १,१२२. या दोन आकड्यांचा अर्थ कोकणी माणसास समजावून सांगावा लागत नाही. कर्ता पुरुष मुंबईस, म्हातारी माणसे गावी, आणि मूल कधी येथे तर कधी तेथे, हा संसार गिरणगावाच्या दिवसांपासून चालत आला आहे. परळचे वाडिया रुग्णालय १९२९ मध्ये मुलांसाठी उघडले, तेव्हापासून कोकणातल्या कितीतरी पिढ्यांना 'मुलाला वाडियात नेले' हे वाक्य नवे नाही, आणि मोठ्या शहरातील बालशल्यविशारदाच्या हातून शस्त्रक्रिया व्हावी यात गैर काही नसून शहाणपणच आहे. कारण तान्ह्या बाळाच्या शस्त्रक्रियेचे यश शल्यविशारदाच्या सरावावर आणि भूलतज्ज्ञाच्या अनुभवावर फार अवलंबून असते. पण टाके वाळले न वाळले तोच मूल कोकण रेल्वेने गावी येते, शाळेला सुटी असते, आंबे असतात, आजी असते. आणि डिस्चार्ज कार्ड नालासोपाऱ्याच्या खोलीत, प्लास्टिकच्या पिशवीत, वीजबिलांच्या खाली राहते. कार्ड बहुधा इंग्रजीत असते. त्यावर सात दिवसांनी, महिन्याने, सहा महिन्यांनी दाखविण्याची तारीख असली तरी ती मुंबईच्या ओपीडीची असते. आणि दोन दिवसांची मजुरी बुडवून, मुलाला घेऊन, मूल तर हसतेखेळते असताना, ती तारीख पाळण्यासाठी कोणी जावे, अशी अपेक्षा करणेच मुळी कागदी आहे.

वैद्याची जबाबदारी कोठे सुरू होते आणि कोठे संपते, याविषयी आपल्या देशातील एक मूलभूत निवाडा योगायोगाने याच जिल्ह्यातील पुळणीवर उगम पावला आहे. ६ मे १९५३ रोजी पालशेतच्या समुद्रकिनारी वीस वर्षांच्या एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. गावात फळ्या बांधून पाय स्थिर केला, खेडहून योग्य स्प्लिंट आणविले, आणि टॅक्सीत निजवून रात्री १ वाजता निघालेली मंडळी सुमारे २०० मैल तुडवून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला पुण्यास पोहोचली. त्याच रात्री तो मुलगा गेला. पुरेशी भूल न देता हाड बसविले गेले, हा ठपका खालच्या न्यायालयापासून कायम राहिला. १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरताना वैद्याची तीन कर्तव्ये सांगितली: रोगी हाती घ्यावा की नाही हे ठरविण्यात सावधगिरी, कोणता उपचार द्यावा हे ठरविण्यात सावधगिरी, आणि तो उपचार देण्यात सावधगिरी. नुकसानभरपाई होती ३,००० रुपये. ती घटना हर्नियाची नव्हे, बालकाचीही नव्हे. मी ती आठवतो ती निराळ्या कारणाने. पालशेतच्या त्या गावठी प्रवासात प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी रोग्याबरोबर होते: फळ्या बांधणारा डॉक्टर टॅक्सीत बसून पुण्यापर्यंत गेला. आज रस्ता चौपदरी होत आहे (गेली कित्येक वर्षे होतच आहे, हे ओघाने आले), हाती फोन आहे, पण गावचा डॉक्टर आणि शहरचा डॉक्टर यांच्यामध्ये चालणारे एकमेव वाहन म्हणजे रोग्याची आजी. आणि तिच्या हाती कागद नाही.

उपाय अवघड नाहीत, आणि नवी इमारत किंवा नवे पद निर्माण करण्याची दरखास्तही त्यांसाठी लागत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथे झाला, आणि त्याची तपासणी पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत व एकदा शाळेत जातात. या तपासणीत जांघेतील गाठी सापडतात, मुले शिबिरास पाठविली जातात, इतक्या शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या असा आकडा छापून येतो. माझे म्हणणे इतकेच की, त्याच पथकाने पुढच्या फेरीत त्याच मुलाला पुन्हा पाहावे आणि चार गोष्टींची नोंद करावी: व्रण कसा आहे, गाठ पुन्हा आली का, दुसऱ्या बाजूस आली का, आणि वृषण आपल्या जागी, दुसऱ्याच्या बरोबरीचे आहे का. अर्ध्या मिनिटाचे काम आहे. ही नोंद होईपर्यंत 'यशस्वी' हा शब्द शिबिराच्या वृत्तान्तात घालू नये.

दुसरी गोष्ट घरभेटीची. निकोलची परिचारिका आपल्याकडे नाही असे कोण म्हणतो? गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी नवजात बालकांच्या घरगुती देखभालीचा जो प्रयोग केला, त्यातूनच आज देशभर आशाताई बाळाच्या जन्मानंतर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात. शस्त्रक्रिया झालेल्या मुलाकडे तिने तिसऱ्या आणि दहाव्या दिवशी जावे, आणि त्या दोन भेटींचा मोबदला तिला मिळावा. मोबदल्यावाचून आणखी एक काम तिच्या डोक्यावर टाकण्यास माझा सक्त विरोध आहे. तिने पाहावयाचे ते कोणाही समंजस बाईस कळेल असे आहे: ताप आहे का, जखम लाल होऊन गरम लागते का, पू वा दुर्गंधी आहे का, लघवी होते का, सूज ओसरण्याऐवजी टणक होत चालली आहे का, मूल हिरवे ओकते का. जखमेवर हळद, राख, खोबरेल यांतले काही लावले असेल तर ते न रागावता धुवून घ्यावे.

तिसरी गोष्ट कागदाची, आणि माझ्या मते तीच सर्वांत स्वस्त व सर्वांत उपेक्षित. मूल ज्या गावी निजणार त्या गावच्या रुग्णालयाच्या नावे, मराठीत, एका पानाचे पत्र असावे: कोणती बाजू, कोणती तारीख, आत काय सापडले, काय पाहावे, कोणाला फोन करावा. दोन प्रती. एक बापाकडे, एक आजीकडे.

अशा पत्रात गुंतागुंतीची यादी दिली तर लोक घाबरतील आणि शस्त्रक्रियाच टाळतील, हा आक्षेप मी डॉक्टर मित्रांच्या तोंडून अनेकदा ऐकला आहे. आक्षेप प्रामाणिक आहे, पण अनुभवास उतरत नाही. ज्याला आधी सांगितले की सूज येईल आणि दहा-पंधरा दिवसांत ओसरेल, तो सूज पाहून वाट पाहतो. ज्याला 'किरकोळ आहे हो' एवढेच सांगितले, तो तीच सूज पाहून फसवणूक झाली म्हणून चार माणसे घेऊन दवाखान्यात येतो. रुग्णालयांवरील हल्ले रोखण्यासाठी महाराष्ट्राने २०१० साली कायदा केला. त्या कायद्याच्या अलीकडे, संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी, पाच मिनिटे बसून बोलण्याची जी सवय आहे, तिला कोणत्याही कायद्याची गरज नव्हती. संमतीपत्रावरील अंगठा अनेकदा भुलीच्या खोलीच्या दाराशी, मूल रडत असताना, उपाशी मुलाला घेऊन बाप उभा असताना घेतला जातो. त्या क्षणी माणूस कशावरही सही करील.

त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात शेवटी असे झाले की, दीड वाजता जेवणाच्या सुटीत बापाचा फोन लागला. शेजारच्या खोलीतल्या कोणाकडून तरी त्याने कपाट उघडवून कार्डाचा फोटो मागविला आणि तो डॉक्टरांच्या व्हॉट्सअॅपवर आला. कार्डावर लिहिले होते: उजवी बाजू. डॉक्टरांनी मुलाला पुन्हा उभे केले, खोकायला लावले, जांघेच्या घडीत केसासारखा पुसट झालेला व्रण बोटाने शोधून काढला. व्रण उजवीकडे होता. गाठ डावीकडे होती. एका बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या शंभर मुलांपैकी सहा-सात जणांना पुढे दुसऱ्या बाजूस हर्निया होतो, तो पहिल्या शस्त्रक्रियेचा दोष नसतो, आणि मुलाला कोणी उगाच फाडला नव्हता, हे डॉक्टरांनी आजींना दोनदा सांगितले. आजींनी ते ऐकून घेतले, पण त्यांचे लक्ष फोनच्या पडद्यावरील कागदाकडे होते. "हा असा बारका दिसतोय," त्या म्हणाल्या, "मला मोठा लिहून द्या, मराठीत." डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे ठळक अक्षरांत लिहून दिले: डावी बाजू, पुढची तारीख, दोन फोन क्रमांक. आजींनी त्याची घडी केली, ती रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात सरकवली, पाकीट चोळीत ठेवले, आणि नातवाला कडेवर घेऊन एसटीची वेळ विचारत पावसात उतरल्या.